टेलिप्रेझेन्स रोबो: बांधणी आणि चाचणीच्या नोंदी

४ मार्च

टेलिप्रेझेन्स रोबो म्हणजे दूर बसलेल्या माणसाच्या वतीने खोलीत फिरणारा, कॅमेरा-स्क्रीन-स्पीकर लावलेला रोबो. त्याची व्याप्ती ठरली. एक मजला, सपाट फरशी, एका ठिकाणी १:१२ चा उतार, तीन-चार उंबरे. ऑपरेटर कुठेही असो, तो ब्राउझरमधून लॉगिन करणार, रोबो डॉकवरून (चार्जिंगच्या जागेवरून) बाहेर काढणार, बैठकीत बसणार, दोन टेबलांवर जाऊन बोलणार आणि परत डॉकवर लावणार. हात बसवायचा नाही. हात आला की वजन, किंमत आणि धोका तिन्ही दुप्पट होतात, आणि दार उघडायला शेवटी माणूसच लागतो. त्यापेक्षा दारं उघडी ठेवण्याची व्यवस्था स्वस्त.

वजनाची मर्यादा २२ किलो, म्हणजे दोन जण सहज उचलतील. कॅमेरा जमिनीपासून १३५ सेमीवर: उभ्या माणसाच्या खांद्याजवळ, बसलेल्याच्या डोळ्यांपेक्षा थोडा वर. १६० सेमी केला तर बसलेल्यांना कुणीतरी डोक्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं.

९ मार्च

बेस. होव्हरबोर्डमधल्या साडेसहा इंची हब मोटरी (चाकातच बसवलेल्या मोटरी) दोन, मध्यभागी. पुढे-मागे एकेक कॅस्टर (मोकळं फिरणारं छोटं चाक). बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), ८ सेल सिरीजमध्ये, २५.६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर, म्हणजे २५६ वॉट-अवर. त्यातले ८० टक्के वापरायचे. रास्पबेरी पाय (छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’), स्क्रीन, कॅमेरे, लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) मिळून उभ्या-उभ्या सुमारे २२ वॉट खातात. चालण्याची सरासरी धरून ३४ वॉट. सहा तास निघतात.

कॅस्टर निवडताना नेहमी कंजूषपणा होतो आणि नंतर तो उंबऱ्यावर भोवतो. १२ मिमीच्या उंबऱ्यावर ५० मिमी व्यासाचं चाक चढवायला त्या चाकावरच्या भाराच्या सुमारे १.६ पट आडवा जोर लागतो. १०० मिमीच्या चाकाला ०.८५ पट पुरतो. पुढच्या कॅस्टरवर ६ किलो भार आहे, म्हणजे १० किलोविरुद्ध ५ किलो. १०० मिमीची घेतली.

मागचा कॅस्टर स्प्रिंगवर. दोन्ही कॅस्टर कडक बसवले तर उंबऱ्यावर मधली चाकं अधांतरी होतात आणि जागीच फिरत राहतात.

१३ मार्च

हब मोटरीच्या हॉल सेन्सरवर (चाक किती फिरलं ते चुंबकावरून ओळखणाऱ्या सेन्सरवर) हळू चालवणं जमत नाही. १५ ध्रुवजोड्या, म्हणजे एका फेरीत ९० पायऱ्या. चाकाचा परिघ ५१८ मिमी, म्हणजे एक पायरी ५.८ मिमीची. ०.१ मीटर प्रति सेकंद वेगाला कंट्रोलरकडे दर ५८ मिलिसेकंदांनी एक पायरी येते. मधल्या वेळात त्याला वेग माहीतच नसतो, मग तो करंट वाढवतो, पायरी आली की कमी करतो, आणि रोबो धक्के खात सरकतो. नेमका टेबलाजवळ जाताना.

पीआयडी (वेग सांभाळणारं नियंत्रणाचं सूत्र) ट्यून करून हे जाणार नाही, मोजमापच अपुरं आहे. हब मोटरीचा आस स्थिर असतो आणि बाहेरचं कवच फिरतं, त्यामुळे आसाच्या टोकाला चुंबक चिकटवायचा नेहमीचा उपायही इथे निरुपयोगी. चाकाच्या कडेला १२० दात्यांची छापील कडी बसवली, तिला २० दात्यांची छोटी चकती, आणि त्या चकतीवर १२ बिटचा चुंबकीय एन्कोडर (फिरण्याचा कोन मोजणारा सेन्सर). एका फेरीत २४,५७६ पायऱ्या, एक पायरी ०.०२ मिमी. दात्यांमधला ढिलेपणा अर्धा मिमीपर्यंत राहतो, वेग मोजायला त्याचा उपद्रव नाही. कम्युटेशन (मोटरीच्या वेटोळ्यांत आळीपाळीने करंट सोडणं) हॉलवरच ठेवलं.

पीडब्ल्यूएम (मोटरीची वीज झटपट चालू-बंद करण्याचा दर) ८ किलोहर्ट्झवरून २४ वर नेला. ८ वर मोटर शिट्टी मारते आणि ती थेट माइकमध्ये जाते.

१८ मार्च

आणीबाणीचं बटण. मशरूम बटण दाबलं की बॅटरी तोडायची, हा पहिला विचार सगळ्यांचा असतो. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचं मानक आयईसी ६०२०४-१ त्याला स्टॉप कॅटेगरी ० म्हणतं: वीज लगेच तोडा. चाकावरच्या यंत्राला ते सोयीचं नाही. वीज गेली की ब्रेक लावणारा कंट्रोलरच मेला, रोबो मोकळ्या चाकांवर पुढे जातो, उतारावर तर पळतोच. शिवाय ब्रेक लागत असताना बॅटरी तोडली तर मोटरीकडून परत येणारी ऊर्जा जायला जागा नसते. सेकंदाला ०.६ मीटर वेगाला २२ किलोची गतिज ऊर्जा फक्त ४ ज्यूल, पण १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २५ वरून ३२ व्होल्टला जाईपर्यंत ०.२ ज्यूलच पोटात घेतो. मग कंट्रोलर ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो आणि पुन्हा मोकळी चाकं.

म्हणून कॅटेगरी १: बटण आधी कंट्रोलरला ब्रेकचा आदेश देतं, आणि ०.८ सेकंदांनी टाइमर रिले मुख्य वीज तोडतो. रिले सॉफ्टवेअरवर अवलंबून नाही. वीज तुटली की दुसरा, नॉर्मली क्लोज्ड (वीज नसताना जोडलेला राहणारा) रिले मोटरींच्या फेज (तिन्ही तारा) एकमेकांना जोडतो, म्हणजे मोटर स्वतःच ब्रेकसारखी अडते. उतारावर रोबो त्याने जागेवर थांबत नाही, पण सेकंदाला काही सेंटिमीटर इतकाच सरकतो. पूर्ण थांबवायचा तर यांत्रिक ब्रेक हवा. तो यादीत आहे.

ब्रेक रेझिस्टर (परत येणारी ऊर्जा जाळून टाकणारा) बसवला नाही. वीज जोडलेली असताना उतारावर जेमतेम ७ वॉट परत येतात आणि इलेक्ट्रॉनिक्स स्वतःच २२ खातं. हात बसवून वजन वाढवलं तर हिशोब पुन्हा मांडावा लागेल.

२१ मार्च

खांब ४० × ४० ॲल्युमिनियम प्रोफाइलचा. उलटण्याचा हिशोब: गुरुत्वमध्य ४५ सेमीवर, पुढचं कॅस्टर त्याच्या २० सेमी पुढे. सपाटीवर ४.३ आणि उतरताना ३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग मंदनापर्यंत उलटत नाही. आपण नेहमी ०.८ आणि आणीबाणीत १.५ वापरतो. भरपूर वाव. पण खांब डोलतो, आणि थांबल्यावर सेकंदभर चित्र झुलत राहतं. वेगाचा चढ-उतार सरळ रेषेऐवजी एस-वक्राने (सुरुवातीला आणि शेवटी हळुवार) केला, डोलणं गेलं.

२७ मार्च

उशीर, म्हणजे कॅमेऱ्यासमोर काही घडल्यापासून ते ऑपरेटरच्या स्क्रीनवर दिसेपर्यंतचा वेळ. या प्रकल्पाचा गाभा हाच, म्हणून नोंद लांब आहे.

मोजायची पद्धत: रोबो आणि ऑपरेटरचा स्क्रीन एकाच खोलीत, पण सगळी वाहतूक मुद्दाम दूरच्या टर्न सर्व्हरवरून (दोन टोकांमधली वाहतूक पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरवरून) वळवलेली. रोबोच्या कॅमेऱ्यासमोर एलईडी. फोनने २४० फ्रेमवर एलईडी आणि स्क्रीन दोन्ही एकत्र टिपायचे आणि मधल्या फ्रेम मोजायच्या. एक फ्रेम ४.२ मिलिसेकंद. सॉफ्टवेअरने छापलेल्या वेळांवर विसंबू नये, कॅमेऱ्याच्या आतला आणि डिस्प्लेचा उशीर त्यात येत नाही.

नेटवर्क सोडूनही उशीर साचतो: कॅमेऱ्याची एक फ्रेम ३३ मिलिसेकंद, एन्कोडिंग, पलीकडचा जिटर बफर (मागेपुढे येणारी पॅकेट सावरायला केलेला साठा), डीकोडिंग, स्क्रीनचं रिफ्रेश. काही न करता दीडशेच्या पुढे सहज जातं. अंतराचा वाटा त्यामानाने सरळ: फायबरमध्ये प्रकाशाला दर १००० किलोमीटरला एका दिशेने ५ मिलिसेकंद. खंड ओलांडला तरी बऱ्याचदा आपल्याच पाइपलाइनमधला उशीर त्याहून मोठा असतो.

कमी कुठे झाला ते लिहून ठेवतो.

कॅमेरा: मंद उजेडात यूएसबी कॅमेरा एक्सपोजर वाढवायला स्वतःहून ३० वरून १५ फ्रेमवर उतरतो. संध्याकाळी रोबो ‘जड’ चालतो अशी तक्रार आली तर आधी हे पाहावं. डायनॅमिक फ्रेमरेटचं कंट्रोल बंद केलं. चित्र थोडं काळपट आणि दाणेदार येतं, ते चालेल.

बोर्ड: रास्पबेरी पाय ५ मध्ये एच.२६४ चा (व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीचा) हार्डवेअर एन्कोडर नाही, पाय ४ मध्ये आहे. नवा तो चांगला असं इथे सरसकट नाही. ७२०पी ३० फ्रेमसाठी पाय ४ घेतला, सीपीयू मोकळा राहिला.

एन्कोडर: बी-फ्रेम (पुढच्या फ्रेमवरही अवलंबून असणाऱ्या) बंद. कीफ्रेम (अख्ख्या चित्राची फ्रेम) ठरावीक अंतराने नाही, मागितली तरच. दर सेकंदाची कीफ्रेम साध्या फ्रेमच्या कित्येक पट मोठी असते. ती अरुंद लिंकवरून जाताना मागच्या फ्रेम अडतात, आणि ब्राउझर सावधगिरी म्हणून बफर वाढवून बसतो.

ब्राउझर: आवाज आणि चित्र एकाच मीडियास्ट्रीममध्ये असतील तर ब्राउझर ओठ जुळवण्यासाठी चित्राला आवाजासाठी थांबवतो. गाडी चालवायची असेल तर ते नको. दोन वेगळ्या स्ट्रीम केल्या आणि चित्राचं जिटर बफर टार्गेट शून्य मागितलं. सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त फायदा इथे मिळाला.

२८ मार्च

उशीर किती चालतो? संभाषणासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंत ठीक धरलं आहे. हाताने काम करण्याचं वेगळं. ७ सप्टेंबर २००१ ला न्यू यॉर्कमध्ये बसून स्ट्रासबर्गच्या रुग्णाचं पित्ताशय काढलं गेलं तेव्हा जाण्या-येण्याचा उशीर सरासरी १५५ मिलिसेकंद होता, आणि त्यासाठी स्वतंत्र राखीव लाइन होती. आपल्याला तशी मिळणार नाही.

थांबण्याचं अंतर ५० सेमीच्या आत ठेवायचं, ऑपरेटरची प्रतिक्रिया पाव सेकंद धरायची आणि मंदन ०.८. पूर्ण फेरीचा उशीर ०.२ सेकंद असेल तर ०.६ मीटर वेग बसतो (४९.५ सेमी). ०.४ ला ०.५ मीटर. अगदी ०.७ ला सुद्धा ०.४ मीटर. म्हणजे सरळ चालण्यात उशीर फारसा आड येत नाही.

आड येतं ते वळण. सेकंदाला ६० अंशांनी वळताना ०.४ सेकंद उशीर म्हणजे २४ अंश जास्त. ऑपरेटर उलटं वळवतो, पुन्हा जास्त होतं, आणि दारासमोर रोबो डावी-उजवीकडे झुलत बसतो. १० अंशांत ठेवायचं तर वेग २५ अंशांवर आणावा लागतो. मग अर्धी फेरी सात सेकंदांची. सहन होत नाही.

१९६० च्या दशकात एमआयटीत फेरेल यांनी हेच पाहिलं होतं: उशीर वाढला की माणूस आपोआप ‘थोडं हलव, थांब, बघ’ या चालीवर येतो. तर मग ती चालच नीट करून द्यावी.

२ एप्रिल

वळणासाठी क्लिक. ऑपरेटर चित्रावर जिथे क्लिक करेल तिकडे रोबो जायरोच्या (वळण मोजणाऱ्या सेन्सरच्या) आधाराने स्वतः तोंड करतो. उशीर नियंत्रणाच्या चक्रातूनच बाहेर पडला, त्यामुळे ६० अंशांचा वेग ठेवता येतो.

एक बारकावा इथे सुटला तर सगळं बिघडतं. ऑपरेटरने क्लिक केलेली फ्रेम जुनी आहे. रोबो त्या वेळी आधीच वळत असेल तर ‘आत्ताच्या’ दिशेत कोन मिळवून चालत नाही. रोबो मागच्या २ सेकंदांच्या दिशा साठवून ठेवतो. ब्राउझर क्लिकसोबत त्या फ्रेमचा आरटीपी टाइमस्टॅम्प (फ्रेमच्या वेळेची खूण) पाठवतो (तो व्हिडिओ फ्रेम कॉलबॅकमधून मिळतो). त्या क्षणीची दिशा अधिक क्लिकचा कोन, हे लक्ष्य. ११० अंशांच्या लेन्समध्ये कडेला पिक्सेल आणि कोन यांचं नातं सरळ राहत नाही, म्हणून लेन्सचं कॅलिब्रेशन आधी.

ज्यांना जॉयस्टिक किंवा कीबोर्ड चालवता येत नाही त्यांनाही हीच पद्धत सोयीची. टोकियोतल्या डॉन कॅफेत घराबाहेर पडू न शकणारे लोक ओरिहिमे या दुरून चालवायच्या रोबोंमधून ग्राहकांशी बोलण्याचं काम करतात. तिथला धडा उघड आहे, सतत हात धरून चालवण्याची अट घातली की बरेच संभाव्य ऑपरेटर बाहेर पडतात. नजरेने कर्सर हलवणाऱ्याला एक क्लिक जमतो, जॉयस्टिक दाबून धरणं जमत नाही.

५ एप्रिल

आदेशांचा चॅनेल. वेबआरटीसी (ब्राउझरमधून थेट चित्र, आवाज आणि डेटा पाठवण्याची व्यवस्था) डेटा चॅनेल, क्रम नको, पुनर्प्रेषण शून्य. टीसीपीवर (हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवणाऱ्या प्रोटोकॉलवर) किंवा विश्वासार्ह चॅनेलवर एक पॅकेट हरवलं की मागची सगळी अडतात आणि मग एकदम येतात, म्हणजे अर्ध्या सेकंदापूर्वीचं ‘पुढे चल’ आता अंमलात येतं. दर ५० मिलिसेकंदांनी ताजा आदेश, प्रत्येकावर क्रमांक, आधीच्यापेक्षा लहान क्रमांक आला तर फेकून द्यायचा.

दाबून धरलं तरच चालेल, सोडलं की थांबेल. आणि इथे ब्राउझरचा सापळा: बटण दाबलेलं असताना दुसरी विंडो वर आली तर ‘बटण सुटलं’ हा इव्हेंट येतच नाही. पान ‘पुढे चल’ पाठवत राहतं. विंडोचा फोकस गेला किंवा टॅब झाकला गेला की लगेच शून्य वेग पाठवायचा, दोन्ही इव्हेंटवर.

वॉचडॉग (ठरलेल्या वेळेत आदेश आला नाही तर रोबो थांबवणारे टाइमर) दोन. पाय वरचा ३०० मिलिसेकंदांचा, नेटवर्कसाठी. मायक्रोकंट्रोलरवरचा २०० चा, पाय स्वतःच अडकला तर. ०.६ मीटर वेगाला लिंक तुटली तर ३०० मिलिसेकंदांत १८ सेमी, मग थांबायला २२.५. एकूण ४० सेमी. ३०० च्या खाली नेलं तर साध्या वायफायच्या गचक्यालाही रोबो थबकतो, आणि सतत थबकणारा वॉचडॉग कुणीतरी वैतागून बंद करतो.

११ एप्रिल

वायफाय. एकाच ॲक्सेस पॉइंटखाली सगळं छान, कॉरिडॉरच्या टोकाला चित्र गोठतं. सिग्नल उणे ८० डीबीएमपर्यंत घसरला तरी रोबो जुन्यालाच चिकटून राहतो आणि सुटला की दोन-तीन सेकंद नवा शोधत बसतो. पार्श्वभूमी स्कॅन चालू केला, उंबरठा उणे ६५, त्याच्या खाली दर ३० सेकंदांऐवजी दर ५ सेकंदांनी शोध. ॲक्सेस पॉइंटवर ८०२.११आर आणि के (ॲक्सेस पॉइंट पटकन बदलायला मदत करणारी मानकं) चालू. कार्डाची पॉवर सेव्ह बंद. ती चालू असली की उशीर मधूनच शंभराने उडतो आणि कारण सापडत नाही.

टर्न सर्व्हर यूडीपी (हरवलेलं पॅकेट पुन्हा न मागवणारा प्रोटोकॉल) पोर्ट ३४७८ वर, आणि कडक फायरवॉलमागे बसलेल्यांसाठी टीएलएसने ४४३ वरही. ४४३ वरून गेलं की टीसीपी, म्हणजे ५ एप्रिलचा प्रश्न परत. अशा जोडणीत वेगमर्यादा आपोआप ०.३ मीटर आणि वळण फक्त क्लिकने.

१६ एप्रिल

आवाज. चित्र अडखळलं तर लोक चालवून घेतात, आवाज अडखळला तर पाच मिनिटांत रोबोकडे पाठ फिरवतात.

‘ऑपरेटरने हेडफोन घातला की एको जाईल’ हा समज पक्का रुजलेला आहे आणि चुकीचा आहे. हेडफोनने खोलीतल्यांना ऐकू येणारा एको जातो. ऑपरेटरला स्वतःचाच आवाज परत येतो तो रोबोच्या स्पीकरमधून रोबोच्या माइकमध्ये गेलेला असतो, तो रोबोवरच कापावा लागतो. स्पीकर आणि माइक दोन वेगळ्या यूएसबी कार्डांवर असतील तर दोघांची घड्याळं हळूहळू सरकतात आणि सॉफ्टवेअर एको कॅन्सलर (परत येणारा आवाज कापणारा) काही मिनिटांनी भरकटतो. एकाच उपकरणात कॅन्सलरसह असलेला स्पीकरफोन बसवला, वेबआरटीसीचा कॅन्सलर रोबोच्या बाजूला बंद. दोन एकावर एक ठेवले की दोघं एकदम बोलताना शब्दांची शेपटं तुटतात.

स्पीकरफोन खांबाला कडक स्क्रूने बसवला तर मोटरींची घरघर खांबातून चढते. खाली रबरी बुश.

ऑपरेटरला आपला आवाज तिथे किती मोठा येतो हे कळत नाही. शांत खोलीत तो ओरडतो, गजबजाटात पुटपुटतो. खोलीतला आधीचा गोंगाट मोजून त्याच्या स्क्रीनवर एक पट्टी दाखवली: हिरवी म्हणजे दीड मीटरवरच्या माणसाला नीट ऐकू जाईल.

२२ एप्रिल

अडथळे. २० सेमी उंचीवरच्या लायडारला टेबलाचे पाय दिसतात, टेबल दिसत नाही. खांब सरळ कडेवर जाऊन आपटतो. खांबावर ७५ आणि ११० सेमीला पुढे पाहणारे टाइम-ऑफ-फ्लाइट सेन्सर (प्रकाश परतायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजणारे). काचेच्या भिंतीतून लायडार आणि हे सेन्सर दोन्ही आरपार पाहतात, म्हणून बेसवर अल्ट्रासोनिक दोन. जिन्याच्या कडेसाठी खाली पाहणारे इन्फ्रारेड चार. काळ्याभोर गालिच्याला ते खड्डा समजतात, त्या भागात वेग कमी करून परवानगी.

सेन्सर फक्त वेग कमी करतात आणि थांबवतात, वळवत नाहीत. ऑपरेटरच्या हाताविरुद्ध वळणाऱ्या रोबोवर कुणाचा भरवसा बसत नाही.

२५ एप्रिल

लिंक तुटल्यावर काय? आल्या वाटेने आपोआप मागे जाण्याचा पर्याय नाकारला. मागे कॅमेरा नाही, आणि थांबलेल्या यंत्रामागे लोक निर्धास्त उभे असतात. रोबो जागेवर थांबतो, कॅमेरा आणि माइक बंद होतात, स्क्रीनवर ‘संपर्क तुटला आहे, मला ढकलून बाजूला करा’ असं मोठ्या अक्षरांत. सपाटीवर मोटरी मोकळ्या सोडायच्या, म्हणजे कुणीही एका हाताने सरकवेल. ॲक्सिलरोमीटरने २ अंशांपेक्षा जास्त कल दाखवला तर सोडायच्या नाहीत.

२९ एप्रिल

डॉक. ८ सेलना २९.२ व्होल्टऐवजी २८ व्होल्टपर्यंतच चार्ज. क्षमता नगण्य कमी होते, सेल जास्त टिकतात. डॉकवरचे तांब्याचे संपर्क रोबो बसल्याशिवाय निर्जीव, आतला रिले आधी रोबोची बॅटरी ओळखतो आणि मग जोडतो. रोबोच्या बाजूला डायोड, नाहीतर फिरणाऱ्या रोबोच्या उघड्या पट्ट्यांवर बॅटरीचा व्होल्टेज असतो आणि एखादी स्टेपल पिन पुरते. शेवटचा मीटरभर रोबो एप्रिलटॅग (क्यूआर कोडसारखी छापील खूण) पाहून स्वतः जातो.

६ मे

बसवून दिल्यानंतर आलेल्या सूचना जवळपास सगळ्या खोलीतल्या लोकांच्या, ऑपरेटरच्या नाहीत. आत कुणी आहे की नाही हे मागून कळत नाही: खांबावर चारही बाजूंनी दिसणारा दिवा, ऑपरेटर जोडलेला असेल तरच पेटतो, आणि तो कॅमेऱ्याच्या वीजपुरवठ्यावरच घेतला आहे, सॉफ्टवेअरने विझवता येत नाही. ऑपरेटर आपला चेहरा बंद करून रोबो चालवू शकत होता: आता चेहरा बंद म्हणजे चाकंही बंद. नजर भिडत नाही: समोरच्याचं चित्र ऑपरेटरच्या स्क्रीनवर वरच्या कडेला, वेबकॅमच्या लगेच खाली आणलं. त्याने बरंच सुधारलं.

राहिलेली कामं: उतारासाठी यांत्रिक ब्रेक (वीज गेली की लागणारा, २४ व्होल्टचा), मागे पाहणारा कॅमेरा, आणि उंबऱ्यांवर १२ मिमीच्या ऐवजी १८ मिमीची एक पट्टी निघाली आहे तिथे कॅस्टर बदलण्यापेक्षा लाकडी पाचर ठोकून घेणे.